दुसऱ्या मजल्यावरचे चुकून रंगवलेले घर

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, धंदा रंगारीकाम, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत जोडला आहे. गुडघ्यांबद्दल त्यांनी काही लिहिलेले नाही, ते बरेच झाले. यापूर्वी मी मृत्युपत्र केले नव्हते, कारण मागे ठेवण्यासारखे आपल्याकडे काही असेल असे वाटलेच नव्हते. आता आहे, आणि त्याचा मला भरपूर अभिमान आहे.

कलम १. दोन्ही शिड्या, उंचावर उभे राहायचे लाकडी घोडे, ब्रश आणि भिंत खरवडायचे पत्रे मुलाला. धंदा त्याने आधीच हातात घेतला आहे आणि तो माझ्यापेक्षा चांगला चालवतो. हे तोंडावर कधी बोलले नाही, म्हणून इथे लिहिते. रुंद ब्रश मात्र त्याने स्वतः धुवावा, माणसांवर सोडू नये.

कलम २. बँकेतली ठेव मुलाला आणि मुलीला निम्मी-निम्मी. यावर चर्चा नको.

कलम ३. राहते घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि रस्त्याकडची गॅलरी, मुलीला. एकटीला. मुलगा नाक मुरडणार हे ठाऊक असल्यामुळे कारण सविस्तर देते.

नवऱ्याचे घर सोडून मी थोरल्या भावाकडे गेले तेव्हा मुलगी चार वर्षांची होती, मुलगा सहा महिन्यांचा. तिसऱ्या दिवशी जेवताना दादाने विचारले, "परत कधी निघणार?" आठव्या दिवशी मी निघाले, पण परत गेले नाही. एका रंगाऱ्याकडे भिंती खरवडायला लागले. रंगकाम चालू असलेल्या रिकाम्या घरात राखणीला कोणीतरी राहावे लागते, ते काम मी मागून घेतले. शेवटचा हात वाळला की बोचके उचलायचे आणि पुढच्या घरी जायचे. दोन वर्षांत अशी तेवीस घरे झाली. मुलगा कपाटातून ओढून काढलेल्या खणात झोपायचा. मुलगी पहिल्याच दिवशी चपला काढायची जागा ठरवायची, आणि ती ठरली की ते आमचे घर. शिंप्याच्या घरातली निळी मोरी, वकिलाची पुस्तकांविना उभी कपाटे, दुपारी ओट्यावर येणारे ऊन, सगळे अजून आठवते. डोळे मिटले की मी त्या खोल्यांतून फिरून येते. ती तेवीस घरे कोणाच्या नावावर करता येत नाहीत, म्हणून ती मी सोबत नेणार आहे.

तोवर मी स्वतःही रंगवू लागले होते. चोविसाव्या वेळी मी माती खाल्ली. काम तिसऱ्या मजल्यावरचे होते. मी मागच्या जिन्याने चढले, एक मजला कमी मोजला आणि दुसऱ्या मजल्यावर शिरले. नळवाल्याने तिथले दार उघडेच टाकले होते. रंग आमच्या पसंतीने लावायचा होता, तो मुलीने निवडला, कैरीसारखा हिरवा. चौथ्या दिवशी त्या घराची मालकीण आली, निवृत्त नर्स.

"कुणी सांगितलं होतं रंगवायला?"

"कुणीच नाही. मजला चुकला."

ती सगळ्या खोल्या फिरून आली. "चाळीस वर्षं पांढऱ्या भिंती बघितल्या मी. हा रंग काढू नका. पण एवढ्या भडक घरात राहणार कोण?"

सहा वर्षांची मुलगी म्हणाली, "आम्ही. चपला ठेवल्यात ना."

बाई हसल्या आणि आम्ही त्यांचे भाडेकरू झालो. अकरा वर्षांनी मी ते विकत घेतले आणि घर माझ्या नावावर झाले. त्या दिवशी मी रस्त्याच्या पलीकडे उभी राहून आपल्या गॅलरीकडे तासभर बघत होते. दुकानदाराने विचारले, "काय हरवलं का?" मी म्हटले, "नाही, सापडलं."

तेव्हा घर मिळवले ते मुलीने. मी फक्त चूक केली. दोन वर्षांपूर्वी ती संसार मोडून दोन बॅगा घेऊन आली, तेव्हा मुलाने मला स्वयंपाकघरात गाठून हळूच विचारले, "आई, ताई किती दिवस आहे?" बाळा, तू वाईट नाहीस. पण तो प्रश्न या घरात पुन्हा कोणाला विचारताच येऊ नये, म्हणून हे कलम. तुझे ताट इथे असेलच, पण दार उघडेल ती.

शेवटचे साक्षीदारांसमक्ष लिहिते. सहीसाठी दादाला मुद्दाम बोलावले. होय, जिरवायलाच. त्याच्यापुढे कलम तीन मोठ्याने वाचले, एक शब्द न गाळता. तो आता ऐंशीचा आहे, दोन मुलांकडे महिना-महिना पाळीने राहतो. त्याने बराच वेळ चष्मा पुसला. मग म्हणाला, "धाकट्याकडे जायला अजून अवकाश आहे. चार दिवस राहू का इथे?"

माझ्याकडे चव्वेचाळीस वर्षे धार लावून ठेवलेले उत्तर होते. तोंड उघडणार तोच मुलगी म्हणाली, "मामा, मागची खोली तुमची. दिवस कशाला मोजताय?"

घर अजून माझेच आहे, तरी मी मधे बोलले नाही. मी जिंकले आहे. कलम तीन कायम.

ठिकाण: माझे घर, दुसरा मजला
दिनांक: ९ मार्च २०२४, शनिवार

(सही) रंगारीणबाई

साक्षीदार १: (सही) डॉक्टरीणबाई, राहणार तळमजला
साक्षीदार २: (सही) थोरला भाऊ, राहणार वरील घरी