गायब झालेली ओळ

गुरुवार, संध्याकाळ. नांदेड

आज वंदनाची माफी मागितली, भर वर्गात. बरं वाटतंय.

सोमवारी तिचा प्रोग्रॅम बंद पडला. मेमरीतला पत्ता रिकामा आहे का, हे तपासणारी ओळ तिच्या फाइलमध्ये होती, पण प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या कंपायलरने बनवलेल्या मधल्या कोडमध्ये दिसेना. "लिवली होती मॅडम म्या," ती सांगत राहिली. मी सगळ्यांदेखत म्हणाले, "नंतर घुसडलीस." मुदखेडहून रोज धडपडत येणारी पोर. इतकं कसं बोलले मी?

काल निवांत बघितलं. ती ओळ तिने लिहिलीच होती, फक्त पत्ता वापरून झाल्यावर. वापरलाय म्हणजे रिकामा नसणारच, असं कंपायलरने गृहीत धरलं आणि ओळ बिनकामाची समजून काढून टाकली.

आज हे फळ्यावर मांडलं. म्हटलं, "चुकलं माझं. पण वंदना, आधी तपासायचं, मग वापरायचं."

"हाव मॅडम. पण तुमी बी आधी बोल्लात, मंग तपासलं."

वर्ग खो खो हसला. मीही. तीन दिवस माझी नजर चुकवणारी वंदना तास संपल्यावर वही घेऊन पुढची शंका विचारायला थांबली.