समोरच्या दाताची जागा

४ मार्च, मंगळवार
परत जायचंय! जबड्याचा स्कॅन फसला. दोष माझाच. यंत्रापाशी उभं केलं, हनुवटी टेकवली, दातांत धरायला एक कांडी दिली. यंत्राचा हात डोक्याभोवती फिरतो, तोवर पुतळा व्हायचं. पण तोंडात कांडी आली की क्लॅरिनेटवाल्याचे ओठ गप्प बसतात होय! आपोआप आवळले. जीभही लागली ठोके द्यायला. चित्र सगळं धूसर.
यंत्रावरची बाई — "काका, फुंकायचं नव्हतं हो! नुसतं धरायचं होतं."
ती हसली, मीही हसलो. बिचाऱ्या ओठांना वाटलं, वाजवायचंय.

५ मार्च
आज दगडासारखा उभा राहिलो. जमलं.

८ मार्च, शनिवार
दातांच्या डॉक्टरबाईंनी पडद्यावर दाखवलं. साध्या एक्स-रेत हाड छान दिसलं होतं — मी मनातल्या मनात वाजवायलाही लागलो होतो! पण त्यात उंची कळते, जाडी नाही. स्कॅन म्हणजे अख्खा पाव; समोरून, बाजूने, वरून, हवा तसा कापून बघा. बाजूने कापला आणि कळलं. घसरून पडलो तेव्हा दात गेला, त्याच्यामागे ओठाकडचं हाडही झिजत गेलं. समोरून बघावं तर भिंत, बाजूने पत्र्याची कड. दिसतं तसं नसतं, ते हे.
नव्या दाताचा स्क्रू धरायला एवढं हाड पुरत नाही. आधी हाड भरायचं, कित्येक महिने थांबायचं, मग स्क्रू.
"आणि मग वाजवता येईल?"
बाई म्हणाल्या, "जेवता येईल, काका. वाद्याचा दाब रोज झेलेल का, ते आज नाही सांगता येत."
घरी आमची ही म्हणाली, "जेवता येतंय ना? मग झालं तर!"
हिला काय सांगू.

११ मार्च
स्कॅनची तबकडी संगणकात घातली. कुणी शिकवलं नाही — क्लॅरिनेट तरी कुणी शिकवलं होतं? बँडच्या तालमीच्या खिडकीखाली उभा राहून शिकलो. आज स्वतःचंच डोकं उलटसुलट फिरवत बसलो. काळी ती हवा, पांढरं ते हाड. एक काप पुढे, एक मागे. दर वेळी वाटतं, पुढच्या कापात थोडं जाड निघेल. वेडी आशा!
वाद्याचं तोंड टेकायचं ते नेमकं त्याच दातावर. जीभ सारखी त्या खिंडीत जाऊन बसते. तिलाही करमत नाही.

१४ मार्च
ही — "पुरे झालं ती कवटी बघणं. चहाचं पाणी झालं!"

१६ मार्च, रविवार
पेटी उघडली. क्लॅरिनेट पुसलं. पेटी लावली.

१९ मार्च, बुधवार
संध्याकाळी, माझ्या रोजच्या रियाजाच्या वेळी, राहवलं नाही. वरचा ओठ आत दुमडला, दाताच्या जागी त्याचीच गादी केली, त्यावर वाद्य टेकवलं. पहिला सूर बदकाचा! दुसरा थरथरला, पण उभा राहिला. ही शेजारच्या खोलीत — म्हटलं, उगाच हिच्या डोक्याला ताप नको. थांबलो.
ही दारात आली. डोळे भरलेले.
"थांबलात कशाला? एवढ्या दिवसांत या वेळेला मी घरात रेडिओसुद्धा लावला नाही, लक्षात तरी आलं का तुमच्या?"