लुळे पडलेले झेंडे

ताई, तुला नमस्कार, बाबांना वाकून.

जेवण बरं आहे, खोलीही कोरडी आहे. उशी तेवढी विटेसारखी. नेम मात्र बसत नाही. आज नेमबाजीच्या मैदानावरचे सगळे झेंडे लुळे पडले होते, म्हणून मी वाऱ्याचा हिशेबच धरला नाही आणि गोळ्या सलग डावीकडे गेल्या. प्रशिक्षक म्हणाले, "झेंड्यांवर काय विसंबतेस? दुर्बिणीतून बघ, गरम हवा कशी सरकतेय." खरंच सरकत होती. उद्या स्पर्धेची शेवटची फेरी आहे, पण माझ्यात आता काही उरलं नाही.

तू दर वेळी लिहितेस, बाबा बरे आहेत. पूर्वी पत्राच्या तळाशी त्यांच्या हातच्या दोन ओळी असायच्या. हल्ली नसतात.

ताई, खरं सांग, मी येईपर्यंत ते थांबतील ना?

तुझीच धाकटी