डाव्या इंजिनाच्या पट्ट्याचा नंबर

ती. दादास,

धाकट्याचा नमस्कार. नेहमीसारखा वाकून करता येत नाही, कारण कंबर धरली आहे आणि ती का धरली ते पुढे येणारच आहे, तेव्हा सध्या जमेल तेवढ्या उंचीवरून केलेला गोड मानून घे. वहिनींचे गुडघे कसे आहेत? लेकीकडे वर डोंगरावर हवा चांगली असते असं ऐकतो. (खिडकीतून पाणी दिसत नाही, पाणी काय ते नळाला येतं, म्हणून तू ते घर पसंत केलंस असं वहिनी आमच्या हिला म्हणाल्या. मी ऐकलं नाही असं दाखवलं.) शिलाई मशिनं दुरुस्त करायचं तुझं दुकान बरं चाललंय हे कळून आनंद झाला. आठ बोटांत तू जे करतोस ते लोकांना दहात जमत नाही, हे मी इथे सगळ्यांना सांगत असतो.

पत्र लिहायचं कारण अगदी किरकोळ आहे. मालकीणबाईंच्या बोटीच्या डाव्या इंजिनाला नवा पट्टा घालायचा आहे, जुन्यावरचा नंबर घासून गेलाय, आणि तो तुझ्याशिवाय कोणाला पाठ नाही. फोन केला असता, पण फोनवर तू "बरं" म्हणतोस आणि वहिनींच्या हातात देतोस, आणि वहिनींना पट्ट्याचा नंबर विचारणं बरं दिसत नाही. घाई अशी की पुढच्या रविवारी मालकीणबाईंना त्यांच्या आईला पाण्यावरून फिरवून आणायचं आहे. म्हातारी नव्वदीच्या घरात आहे आणि दोन वर्षांत तिने दुसरं काही मागितलेलं नाही. तोवर दोन्ही इंजिनं सुरू होऊन अर्धा तास नीट चालली पाहिजेत, नाहीतर बाई दुसरा माणूस बघणार आहेत, आणि दुसरा माणूस म्हणजे कोण ते तुला ठाऊक आहे (जो तेल बदलतो सांगून नुसता डबा बदलतो). उजवं झालंय. डावं सुरू होत नाही. म्हणजे होतं, पण मी करत नाही.

आता मुळापासून सांगतो, कारण तुला अर्धवट सांगितलेलं कधीच चालत नाही. महिन्यापूर्वी मी वर्षाची देखभाल काढली. बोटीतला इंजिनांचा खड्डा तू सोडून गेलास तेवढाच आहे, मी मात्र तेवढा राहिलेलो नाही. फळी उचलून दोन इंजिनांच्या मधे उतरायचं म्हणजे आधी पोट आत घ्यायचं, मग श्वास, आणि मग अभिमान. इंजिनाखाली हात जायला जागा नाही, म्हणून जुनं तेल वरूनच, तेलकाडीच्या नळीतून हातपंपाने ओढायचं. एका इंजिनाला दांडा दोनशे वेळा ओढायचा. तू मोजत बसायचास आणि मी ओढायचो, तेव्हा मला वाटायचं की मोजणं हे सोपं काम आहे. यंदा दोन्ही मीच केलं, एकशे साठाला मोजणं चुकलं आणि एकशे ऐंशीला कंबर गेली.

तेल ओढण्याआधी इंजिन दहा मिनिटं चालवून तापवावं लागतं, आणि इथूनच गोष्ट सुरू होते. बाबांचा नियम तुला सांगायला नको, तरी सांगतो. चावीपाशी उभं असलेल्याने खाली ओरडायचं, "हात?" खालच्याने हात काढून म्हणायचं, "बाहेर." मगच चावी. दुसरे लोक घंटी लावतात, पाटी लावतात, आपल्याकडे एवढे दोन शब्द आणि ते बाबांपासून कधी चुकले नाहीत. तुझी बोटं गेली त्या दिवशीही मी विचारलं होतं, तू बाहेर म्हणालास आणि हात मात्र पट्ट्याशीच राहिला, हे सगळ्यांना माहीत आहे, दवाखान्यात तू स्वतःच तसं सांगितलंस, तेव्हा ते पुन्हा उगाळायला नको. सांगायचं ते हे की तू गेल्यापासून चौदा महिने मी एकटा आहे, आणि तरी चावी फिरवण्याआधी रिकाम्या खड्ड्याला विचारतो. शेजारच्या बोटीवरचा रंगारी सुरुवातीला हसायचा. पुढे तोही हसायचा थांबला.

तर यंदा तेल काढायच्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमाराला, लख्ख उन्हात, मी विचारलं, "हात?"

"बाहेर."

मी चावी फिरवली. इंजिन लागलं. मी तेलाचा दाब पाहिला, इंजिन थंड करणारं पाणी मागच्या नळीतून पडतंय का ते वाकून पाहिलं, धूर पाहिला (पांढरा, मग नाहीसा, म्हणजे ठीक), आणि तब्बल दोन मिनिटांनी माझ्या लक्षात आलं की खाली कोणी नाही. पाचावर धारण बसणे म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. इंजिन बंद करून फळी उचलली. खाली दोन इंजिनं, एक बादली आणि माझाच सकाळचा डबा. आवाज तुझा होता, दादा. ओठांत स्क्रू धरून बोलतोस ना, तसा. फक्त जरा जास्त सौम्य, आणि एवढ्यावरूनच मी म्हटलं की हा तू नव्हेस.

घरी हिला सांगितलं. ती म्हणाली, "कामाला माणूस मिळत नाही म्हणून वर्षभर रडत होता, आता मिळाला तर तक्रार." बायकांच्या धीराला तोड नाही. आणि खोटं कशाला सांगू, चार दिवसांत मीही सरावलो. विचारायचं, उत्तर यायचं, चावी फिरवायची. डिझेलची गाळणी बदलल्यावर नळीत हवा राहिली आणि इंजिन लागून बंद, लागून बंद असं बाराएक वेळा झालं, तर बाराही वेळा बिचाऱ्याने न कंटाळता उत्तर दिलं. (तू तिसऱ्या वेळेला माझी अक्कल काढली असतीस.) मग पाण्याचा पंप उघडला. आतल्या रबरी पंख्याच्या सहा पाकळ्यांपैकी पाचच होत्या. सहावी तुटून नळीत कुठे अडकली तर पाणी अडतं आणि इंजिन भाजून निघतं, म्हणून ती सापडल्याशिवाय झाकण लावायचं नाही, हाही बाबांचाच नियम. दोन दिवस मी नळ्या सोडवून, फुंकून, तारेने खरवडून शोधली. तिसऱ्या दिवशी दुपारी जेवून आलो तर ती पाकळी इंजिनावर ठेवलेली होती, पुसून, फडक्यावर. फडकं चौघडी घातलेलं. मी फडक्याचा बोळा करतो, हे तुला माहीत आहे, त्यावरून आपली किती भांडणं झाली आहेत. मी तिथे उभ्या उभ्या "थँक यू" म्हणालो. आता हसू येतं, पण तेव्हा काहीतरी म्हणणं भाग वाटलं.

मग म्हटलं, साक्षीदार हवा. आपल्या वायरमनला, म्हणजे ज्याला सगळे करंट म्हणतात त्याला, डावं इंजिन बॅटरी नीट भरत नाही असं खोटंच सांगून बोलावलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तो बारीक माणूस, सुळकन खड्ड्यात उतरला आणि भिंतीला पाठ लावून बसला. मी वरून विचारलं. करंट म्हणाला, "बाहेर." आणि त्याच्या पाठीमागून, भिंत आणि त्याच्यामधे वीतभर जागा नाही तिथून, दुसरं कोणीतरी म्हणालं, "बाहेर." करंट शिडी न वापरता वर आला. एवढ्या वर्षांत असं वर येताना मी कोणाला पाहिलेलं नाही. त्याच्या चपला अजून बोटीवर आहेत. दुसऱ्या दिवशी त्याने निरोप धाडला की यापुढे तो फक्त घरचे पंखे दुरुस्त करणार आहे, आणि तेही जमिनीवर उतरवून दिले तर.

इथवर मला भीती वाटत होती, पण बरंही वाटत होतं. हे तुलाच सांगतो. एकटं काम करून माणूस किडतो. खाली कोणीतरी आहे, आपल्या हाकेला ओ देतंय, एवढ्यावर मी सकाळी अर्धा तास लवकर जायला लागलो होतो.

मग गेला मंगळवार आला. मालकीणबाई आईला चाकाच्या खुर्चीवर घेऊन धक्क्यावर आल्या, बोट नुसती दाखवायला. बाईंनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाल्या, दोन्ही इंजिनं लावून दाखवा, आम्हाला निघायचंय. त्यांच्या त्या घड्याळ पाहण्याने माझी धांदल उडते. उजवं लावलं. डाव्याच्या चावीला हात घातला आणि खालून दोन शब्द आले. ओरडून नव्हे, कोणी शेजारी बसून बोलावं तसे. ते दोन शब्द मी इथे लिहीत नाही, पट्ट्याच्या नंबराशी त्यांचा संबंध नाही. मी चावी काढून खिशात टाकली आणि बाईंना म्हटलं की पट्टा सैल आहे. बाईंनी काही ऐकलं नव्हतं. पण खुर्चीतली म्हातारी मान कलती करून बोटीकडे बघत होती. ती मला म्हणाली, "खाली माणूस आहे तुमचा. आधी त्याचं ऐका, मग आमचं."

त्या दिवसापासून मी विचारतो आणि उत्तर येत नाही. सकाळी विचारतो, दुपारी विचारतो, गोड आवाजात विचारून पाहिलं, रागावून पाहिलं. खड्डा गप्प आहे, आणि तिथे कोणी नाही म्हणून गप्प नाही, हे मला फळीवर उभं राहिलं की कळतं. पट्ट्यावरच्या जाळीवर ग्रीसचा हात उमटलेला आहे. मी दोनदा पुसला, दोनदा पुन्हा आला. माझा हात लावून बघितला, माझा लहान पडतो. करंगळी धरून पाचही बोटं आहेत, दादा. मी मोजली. आणि उत्तर आल्याशिवाय चावी फिरवायची नाही हा नियम मी मोडणार नाही, निदान आता तरी नाही.

तर पट्ट्याचा तेवढा नंबर कळव. वहिनींना नमस्कार, लेकीला आणि जावईबापूंना आशीर्वाद, आणि शिलाई मशिनांना तेल कमी घालत जा, जास्त घातलं की कापड डागाळतं असं ही म्हणते.

तुझा,
धाकटा

ता. क. हिने पत्र वाचलं आणि विचारलं की पट्टा तर तुम्ही परवाच बसवलात, मग हे काय? खरं आहे. नंबर मला पाठ आहे. चौथीत असताना पाढ्यांच्या आधी तूच पाठ करून घेतला होतास. तेव्हा नंबर कळवण्याची तसदी घेऊ नकोस.

आणखी एक ता. क. ही बाहेर गेली म्हणून पाकीट परत उघडलं. ते दोन शब्द लिहायचे राहिले. खालून आवाज म्हणाला, "विचारलं नाहीस."

दादा, मंगळवारी घाईत मी विचारायला विसरलो होतो, आणि त्या दिवशीही विसरलो होतो. तेव्हाही पाहुणे धक्क्यावर ताटकळत होते आणि मी सरळ चावी फिरवली. तू बाहेर म्हणाला नव्हतास, कारण तुला कोणी विचारलंच नव्हतं. तू दवाखान्यात पट्टी बांधलेला हात छातीशी धरून सगळ्यांना म्हणालास की मीच सवयीने बोलून गेलो असेन, याला कोणी बोलू नका. मी मान खाली घालून उभा होतो आणि लोक माझ्या पाठीवरून हात फिरवत होते. खाई त्याला खवखवे म्हणतात, पण चौदा महिने खवखव तू सोसलीस, स्वतःच्या तोंडाला दोष देत, पाणी दिसणार नाही अशा घरात. मला लाज वाटते. रोज वाटते. हे मी तुझ्यासमोर येऊन बोलू शकलो असतो, पण तू "बरं" म्हणशील याची मला भीती वाटते.

शेवटचं. रविवारच्या आधी एक दिवस ये. म्हातारीला पाणी दाखवायचंय आणि डावं इंजिन कोणीतरी लावायलाच हवं. चावी तुझ्या हातात देतो. मी खाली उतरतो आणि पट्ट्यापाशी हात घालून बसतो. विचारायचं की नाही, ते तू ठरव.