अर्ध्यावर अडकलेलं साडूभाऊंचं भाषण

कोसाड, सुरत

आदरणीय साडूभाऊ सुकदेवराव यांस,

भाईदासचा नमस्कार. आम्ही इकडे खुशाल आहोत (असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं, खुशाली कितपत आहे ते पुढे कळेलच). सुंदराताईंचा गुडघा आता कसा आहे? लेक मयुरीला आशीर्वाद. तुम्ही मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालात, त्याबद्दल मनापासून अभिनंदन. यापुढे जे लिहिणार आहे तेही मनापासूनच आहे.

पत्र कशाला, फोन नव्हता का, असं तुम्ही विचाराल. फोनवर मला राग आला की शब्द फुटत नाहीत, आणि तुम्ही पडलात मास्तर, माझं वाक्य पुरं व्हायच्या आत त्यातली चूक काढता. कागदावर तुम्हाला मधे बोलता येणार नाही, म्हणून हे पत्र.

तुमच्या निरोपसमारंभाला आम्हाला येता आलं नाही. कारखान्यात दोन माणसं आजारी होती, त्यामुळे सुट्टी मिळाली नाही, हे तेव्हाच कळवलं होतं. मयुरीने मात्र आठवणीने तुमच्या भाषणाचा व्हिडिओ पाठवला. मी सचिनच्या औद्योगिक वसाहतीतून कामावरून आलो, हातपाय धुतले, प्रमिलाने चहा ठेवला आणि आम्ही दोघं खाटेवर फोन मांडून बसलो. (फोन तिने मसाल्याच्या डब्याला टेकवून ठेवला होता. हा मान आमच्या घरात दुसऱ्या कुणाच्या भाषणाला मिळालेला नाही.) सुरुवात झकास झाली. तुमचा फेटा, हार, मागचा फळा, सगळं स्वच्छ दिसत होतं. त्या कॅमेरावाल्याने तर तुमच्या मिशीचा केस न् केस टिपला होता. मग तुम्ही नातेवाइकांवर आलात. म्हणालात, "आणि आमचे सुरतचे साडू भाईदासराव. या माणसाने आमच्या घराला अडचणीत मदत केली नाही" आणि व्हिडिओ थांबला.

थांबला म्हणजे कसा, तर तुमचं तोंड उघडं, एक डोळा मिटलेला आणि बोट सरळ माझ्याकडे. मधोमध ते गोल चाक फिरतंय. बऱ्याच वेळाने चाक थांबलं, तर तुम्ही एकदम मांडववाल्याचे आभार मानताना दिसलात! पुन्हा पहिल्यापासून लावला, पुन्हा त्याच ठिकाणी अडकला. आवाज पुढे गेला तर चित्र मागे, चित्र हललं तर आवाज गप्प. प्रमिला चहाचा कप हातात धरून माझ्याकडे बघत राहिली.

सुकदेवराव, मयुरीच्या लग्नाच्या साड्या कुणी निवडल्या? रिंगरोडच्या मार्केटमध्ये भर उन्हात मजले चढून, व्यापाऱ्यांशी घसा बसेपर्यंत भांडून, "रंग पक्का नसेल तर परत आणीन" असा दम देऊन कुणी आणल्या? तुमच्या मातोश्रींना डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी इकडे आणलं, तेव्हा त्यांच्या खाटेशी कोण बसलं होतं? मी स्वतःच्या तोंडाने काही सांगत नाही (प्रमिला म्हणते की सांगतोच आहे), पण भर मांडवात, सगळ्या गावासमोर, "मदत केली नाही"? आणि लोकांनी ते ऐकून घेतलं?

तरी मी न्यायाने वागलो. म्हटलं, आधी भाषण पुरतं ऐकू, मग भांडू. माझं अर्धं आयुष्य लूम दुरुस्त करण्यात गेलंय, तेव्हा वीतभर फोन तो काय! पण लूममध्ये धागा तुटला तर तुटलेला दिसतो. इथे काय तुटलंय तेच दिसेना. फोन बंद करून चालू केला. गच्चीवर नेला. सुरतेच्या उन्हात हात वर करून उभा राहिलो, तर समोरच्या इमारतीतल्या बाईला वाटलं मी तिला बोलावतोय, आणि तिने नवऱ्याला हाक मारली. (त्या गृहस्थांशी आता ओळख झाली आहे. माणूस बरा आहे.) शेजारचे किसनराव वर्धेकडचे, त्यांना प्रत्येक गोष्टीतलं कळतं. त्यांनी फोनला हात लावून निदान केलं, "भाऊ, हा गरम होऊन राह्यला ना. याले थंड करा लागते." म्हणून फोन फ्रिजमध्ये मेथीच्या जुडीशेजारी ठेवला. तेवढ्यात कारखान्यातून शेटचा फोन आला. फ्रिज वाजायला लागल्यावर प्रमिलाच्या हातातला पोळपाट खाली पडला. फोन बाहेर काढून कानाला लावला तर कानात गारठा भरला, आणि शेट काय बोलले ते मला आजवर कळलेलं नाही. काचेवर दव धरलं ते वेगळंच. व्हिडिओ लावला, तर तुम्ही तिथेच, बोट रोखून!

प्रमिलाचं एकच पालुपद, "तुमले इतला राग येस, ते सरळ फोन लाईसन इचारी ल्या ना!" मी म्हटलं, अपमान करणाऱ्यालाच विचारायचं, की बाबा रे, अपमान पुरता केलास की अर्धाच? मी नाही विचारणार.

शेवटी अमरोलीत चेतनभाईंच्या दुकानात गेलो. त्यांनी फोन हातात घेऊन आजारी माणसाची नाडी बघावी तसा चेहरा केला. म्हणाले, "काका, आ तो फुल भराई गयो छे. सब साफ करना पडेगा." लोक रोज सकाळी फुलं, सूर्य आणि सुविचार पाठवतात, त्यांनी फोन गच्च भरला होता. (त्यांतले निम्मे सुविचार तुमचे आहेत, हेही या निमित्ताने नोंदवतो.) मग चेतनभाईंनी विचारलं, "बॅकअप है ना?" सुकदेवराव, मला वाटलं बॅकअप हा फोनचाच एखादा भाग असेल. मी म्हटलं, "है, है, अंदर ही होगा."

फोन आता वाऱ्यासारखा चालतो. बोट लावायच्या आत उघडतो. पण उघडून बघायला आत काही नाही. प्रमिलाची भजनं गेली, पापडाच्या रेसिपी गेल्या, नातवाच्या पहिल्या पावलांचा व्हिडिओ गेला. तो मुलाकडे आहे म्हणून वाचलो, नाहीतर हे पत्र मी फुटपाथवर बसून लिहिलं असतं. आणि तुमचं भाषणही गेलं. म्हणजे अपमान झाला तो झालाच, वर त्याचा पुरावाही माझ्याकडे उरला नाही. या सगळ्याला जबाबदार कोण, ते तुम्हीच ठरवा. इतकी वर्षं मुलांचे निकाल लावलेत, हाही लावा.

वडीलधाऱ्यांना नमस्कार सांगावा. या पत्रावर मला फोन करू नये. केल्यास उचलणार नाही.

तुमचा (सध्या फक्त नात्याने)
भाईदास

ता. क. एक किरकोळ काम आहे. तो व्हिडिओ मयुरीला सांगून पुन्हा पाठवावा, जमल्यास कमी स्वच्छ. मिशीचे केस नाही दिसले तरी चालतील, वाक्य मात्र पुरतं हवं.

ता. क. २. पाकिटाला डिंक लावणार तोच प्रमिलाने माझाच फोन माझ्यासमोर धरला. तिने परवाच तिच्या बटणांच्या फोनवरून बहिणीला, सुंदराताईंना, सगळं सांगितलं होतं (मला न विचारता), आणि मयुरीने व्हिडिओ लहान करून पाठवला. आता तो न अडकता चालतो. तुमचं वाक्य असं निघालं: "या माणसाने आमच्या घराला अडचणीत मदत केली नाही, असा एकही प्रसंग मला आठवत नाही." सुकदेवराव, तुम्ही मराठीचे मास्तर. "नाही" हा शब्द इतक्या लवकर वापरायची काय गरज होती? मी पत्र फाडत होतो, पण प्रमिलाने हातातून काढून घेतलं. म्हणाली, "जाऊ द्या, भाऊजीसले कळू द्या माणूस कसा शे." तेव्हा वरचं सगळं वाचावं, पण मनावर घेऊ नये. फोन केल्यास उचलीन.

ता. क. ३. थंडीत दोघांनी इकडे या. ज्वारीचा कोवळा पोंक (आपला हुरडा) निघतो तेव्हा तापीकाठी फिरायला जाऊ, आणि तुमच्या मातोश्रींनाही आणा, त्यांची खाट तशीच आहे. शिवाय त्या वाक्यानंतर टाळ्या वाजल्या का, तेवढं कळवा. व्हिडिओत त्याच क्षणी कुणीतरी खोकलंय. प्रमिला म्हणते वाजल्या नाहीत. मी पुन्हा पुन्हा लावून बघतो आहे, मला तरी दोन-चार ऐकू येतात.