संपादकांच्या पत्नी

१४ नोव्हेंबर

प्रिय काका,

नमस्कार. तुमचा खोकला कसा आहे? औषध वरच्या कप्प्यात आहे, असं काकूनं कळवायला सांगितलंय. तिचं इथे बरं चाललंय. भाजलेल्या हातांच्या पट्ट्या मी रोज बदलते.

परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "एवढ्याशा बातमीवरून कोणी घर सोडतं का?"

एवढीशी? कारखान्यात वायुगळती झाली तेव्हा सुरक्षा अधिकारी म्हणून काकू कामावर होती. सगळ्या माणसांना बाहेर काढून तिनं तापलेला व्हॉल्व्ह उघड्या हातांनी बंद केला. आपल्या पेपरात मथळा काय आला? 'संपादकांच्या पत्नी थोडक्यात बचावल्या'. आणि माहिती दिली व्यवस्थापकानं, जो त्या दिवशी गावातच नव्हता. 'पाइप खराब असल्याची तक्रार आलीच नव्हती,' असं तो बिनदिक्कत सांगतो आणि आपण छापतो. तक्रार काकूनं केली होती. पुन्हा पुन्हा.

वर्षभर मी आपले अंक तपासत होते. बातमीत बाईला कधी विचारतो, कशाबद्दल विचारतो, ओळख काय देतो. जाणकार म्हणून जवळपास कधीच नाही; रडतानाचा फोटो मात्र हमखास. बैठकीत हे मांडलं तर तुम्ही हसलात. "बातम्या काय तराजूत तोलायच्या?"

नाही तोलल्या, त्याचं काय झालं ते ऐका. चौकशी समितीनं पेपरातली नावं बघून साक्षीदार बोलावले. व्यवस्थापकाला बोलावणं आलं, काकूला नाही. काल ती न बोलावता गेली. तिथला कारकून म्हणाला, "संपादकसाहेबांच्या मिसेस ना? बसा, चहा मागवतो." ती बसली नाही. दुपारपर्यंत दारात उभी राहिली, तेव्हा कुठे साक्ष घेतली. आज समितीनं तो खराब पाइप बंद करायला लावलाय. आपल्या पेपरामुळे नव्हे.

हे लिहिणार नव्हते, पण परतताना जिन्यात ती रडली. पट्ट्यांमुळे डोळे पुसता येईनात. मी पुसले.

काका, तुम्ही रोज फोन करता. बातमीची दुरुस्ती किती ओळींची हवी, ती घरी कधी येणार, लोक काय म्हणतील, सगळं मला विचारता. त्या दिवशी कारखान्यात काय झालं, हे अजून तिला विचारलेलं नाहीत. इतकी वर्षं बातमीदारांना शिकवलंत, आधी जागेवर असलेल्या माणसाला गाठा म्हणून.

दुरुस्ती नंतर छापा. आधी तिला विचारा. तिला फोन धरता येत नाही. मी तिच्या कानाशी धरेन.

तुमची पुतणी,
आणि अजून तरी तुमच्याच पेपरची उपसंपादक