विहीणबाईंना डिवचू नये

तीर्थस्वरूप मामांस,

भाच्याचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे तो अर्ध्यावरच थांबला आहे. उरलेला भेटीत पुरा करीन.) इकडे आम्ही सगळे ठीक. तुमचे गुडघे कसे आहेत, मामींचा रक्तदाब काय म्हणतो, हे फोनवर विचारलं असतं. पण गेले आठ महिने केव्हाही फोन केला, सकाळी दहाला करा की संध्याकाळी सहाला, मामी म्हणतात, ते झोपलेत. एवढी झोप तब्येतीला बरी नव्हे, म्हणून पत्र लिहितो आहे. पत्र वाचायला निदान जागं व्हावं लागतं.

तुमचा राग मला मान्य आहे. एकतीस वर्षं तुम्ही हॉस्पिटलच्या पंपघरात आग विझवायच्या पाण्याची राखण केली, आणि ते काम बाहेरच्या कंपनीला द्यायच्या कागदावर सही केली ती देखभाल खात्यातल्या कारकुनाने, म्हणजे तुमच्या सख्ख्या बहिणीच्या मुलाने. हुकूम वरून आला होता हे खरं, पण पेन माझंच होतं. तेव्हा मला वाटलं होतं, तुमचेही हाल कमी होतील, जिने चढणं थांबेल. हे मी तुम्हाला आधी घरी येऊन सांगायला हवं होतं. नोटीस फलकावर वाचायला लावायला नको होतं.

असो. कंपनीच्या साहेबांना आम्ही टायवाले म्हणतो. माणूस वाईट नाही, फक्त पंपघरातही टाय घालून उतरतो. पहिल्याच दिवशी त्यांनी तुमच्या पत्र्याच्या चकत्या पाहिल्या. प्रत्येक व्हॉल्व्हच्या चाकाला एक चकती, तिच्यावर तुमच्या अक्षरात एकेका नातेवाइकाचं नातं आणि खाली चार शब्द, मागे तुमच्या सवयीप्रमाणे तारीख. टायवाल्यांच्या मते हे करारात बसत नव्हतं. करारात प्रत्येक व्हॉल्व्हला क्रमांक हवा असं कलम आहे. (कलम मीच टाइप केलं होतं, जाऊ द्या.) त्यांच्या माणसांनी चकत्या काढून झकास स्टिकर लावले. चकत्या एका डब्यात गेल्या आणि डबा माझ्या खणात. त्या मी तेव्हाच वाचल्या असत्या तर पुढचं काहीच झालं नसतं. पण सरकवलेला खण उघडून बघायची आमच्या खात्यात पद्धत नाही.

मग पहिल्या चाचणीचा दिवस आला. हॉस्पिटलच्या प्रमुख, म्हणजे आपल्या मोठ्या बाई, यांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत विश्वस्तांची बैठक होती, आणि विषय नेमका नवा करार किती उत्तम चालला आहे हा. अकरा वाजता घंटा वाजेल, ती चाचणीची आहे, कुणी जागचं हलू नये, अशी घोषणा मीच केली. इकडे खाली नकाशाप्रमाणे चाचणीचं म्हणून नऊ नंबरचं चाक फिरवलं. घंटा खणखणीत वाजली. आता चाचणीचं पाणी मागच्या गटारात पडायचं, म्हणून आम्ही सगळे गटाराकडे टक लावून उभे. थेंब नाही. टायवाल्यांनी आणखी दोन फेरे दिले, तरी गटार कोरडं ठणठणीत. तेव्हा आणखी थोडं उघडा असं कुणीतरी म्हणालं. (मीच.)

पाणी सगळं वर मोठ्या बाईंच्या खोलीत, कपाटामागच्या नळीतून उसळत होतं. आणि घोषणा ऐकलेली असल्यामुळे विश्वस्त जागचे हलले नाहीत. चार मिनिटं ती मंडळी फायली डोक्यावर धरून बसून होती. एका आजोबांनी तर पाण्याचा दाब समाधानकारक असल्याचा शेरा लिहून ठेवला. शेवटी मोठ्या बाई स्वतः खाली आल्या, नखशिखान्त भिजलेल्या. ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "मामा असताना माझी खोली कधी भिजली नव्हती."

मग मी डबा उघडला. नऊ नंबरची चकती: 'विहीणबाई. डिवचू नये. भिंती घालून खोल्या पाडताना नळी आत राहिली, मोठ्या बाईंकडे तोंड उघडते.' बाकीच्याही वाचल्या. 'सासरेबुवा. दर सोमवारी तेल घालावे.' 'थोरले मेहुणे. अर्धेच फिरतात, पुढे जोर लावू नये.' (थोरले मेहुणे म्हणजे आमचे बाबा, हे माझ्या ध्यानात आलं आहे. आईला दाखवलेली नाही.) मला आधी हसू आलं, आणि नंतर फार वाईट वाटलं.

आता मुद्द्याचं. दुसऱ्या मजल्यावर मुलांचा नवा वॉर्ड तयार आहे. खाटा आल्या, भिंतींवर हत्ती रंगवून झाले. जुन्या वॉर्डात सध्या एका खाटेवर दोन-दोन मुलं झोपतात. एक चिमुरडी मला रोज विचारते, माझी खाट आली का. गुरुवारी तपासणी अधिकारी येणार, ते पास म्हणाले तरच वॉर्ड उघडेल. आणि दुसऱ्या मजल्याच्या दाबाचा काटा शून्यावर बसलाय, तिथे पाणीच चढत नाही. नकाशात चाकं चौदा, आम्हाला सापडली तेरा, डब्यात चकत्याही तेरा. चौदावं कुठे आहे ते या जगात तुम्हालाच ठाऊक. कंपनीसाठी नको, माझ्यासाठीही नको, पण त्या पोरीसाठी एकदा येऊन बोट दाखवून जा.

मामींना नमस्कार.

आपला आज्ञाधारक (एक सही वगळून)
भाचा

ता. क. : आईने बजावलं आहे की हे पत्र तिने लिहायला लावलं असं लिहायचं नाही. म्हणून लिहीत नाही.

आणखी ता. क. : पत्र शर्टाच्या खिशातच राहिलं आणि गुरुवार होऊन गेला. आम्ही पास झालो. तुमचा खाकी कोट पंपघराच्या कोपऱ्यात तुम्ही टांगला होतात तसाच होता. कंपनीच्या माणसांनी तो दोनदा काढायला घेतला आणि दोन्ही वेळा मी भांडलो, की मामांचा कोट जागचा हलणार नाही. बुधवारी धूळ झटकायला म्हणून मीच उचलला, तर खाली चौदावं चाक. म्हणजे इतके दिवस ते मीच लपवून धरलं होतं. टायवाल्यांनी टाय काढला, मी हळूहळू फेरे दिले, काटा चढला. पोरीला खाट मिळाली, खिडकीजवळची.

शेवटचा ता. क. : त्या चाकालाही चकती होती. 'भाचा. कुरकुरतो. घाई करू नये. अडीनडीला धरतो.' मी उलटून तारीख पाहिली. तुमचा कामावरचा शेवटचा दिवस. म्हणजे माझ्या सहीनंतरची. आता तुम्ही यायला हॉस्पिटलचं काहीच काम उरलेलं नाही, तरी या. रविवारी सकाळी दहाला फोन करतो. मामींना सांगून ठेवा, जागे आहेत म्हणा.